नोकरांच्या खोलीतला ग्रामोफोन

आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो, त्यांपैकी एका वस्तीत साठी ओलांडलेले एक भीमगीत गायक राहतात. कॅसेटच्या जमान्यात त्यांची गाणी निघाली आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पोरं अजूनही त्यावर नाचतात. एका रात्रीत आठ गाणी मुद्रित झाली, हातात एकरकमी पैसे पडले, कोरस आणि ढोलकीवाल्याचे त्यातूनच भागवायचे होते. पुढे किती कॅसेट खपल्या हे त्यांना कुणी सांगितले नाही. कॅसेटच्या वेष्टणावर ढोलकीवाल्याचे नावही नाही. त्यांच्याकडे बसलो की आम्हाला हमखास एक अमेरिकन माणूस आठवतो, जॉन हॅमंड. मोठमोठे संगीतकार ज्याच्याविषयी आयुष्यभर कृतज्ञतेने बोलत राहिले, असा हा रेकॉर्ड प्रोड्यूसर. त्याचे चरित्र आपल्या चळवळीतल्या तरुणांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते. तो आदर्श होता म्हणून नाही. वरच्या थरातला एखादा माणूस खालच्या थराच्या कलेच्या बाजूने उभा राहतो तेव्हा नेमके काय काय घडते, ते या एका आयुष्यात जवळजवळ सगळेच दिसते.

आधी रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणजे कोण, ते सांगतो. तो गात नाही, वाजवत नाही. कोणाचा आवाज मुद्रित करायचा, साथीला कोण घ्यायचे, कोणती गाणी निवडायची, मुद्रित झालेल्यापैकी कोणता तुकडा ठेवायचा, हे तो ठरवतो आणि बहुतेक वेळा कंपनीच्या वतीने करारही त्याच्याच हातून होतो. थोडक्यात, दाराशी उभा असलेला माणूस. आत कोण जाणार हे त्याच्यावर अवलंबून असते.

हॅमंडचा जन्म १५ डिसेंबर १९१० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आई व्हँडरबिल्ट घराण्यातली. रेल्वे आणि जहाजांच्या धंद्यातून अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एक बनलेले हे कुटुंब. वडील वकील. मॅनहॅटनमधल्या पूर्व ९१ व्या रस्त्यावर त्यांचा अनेक मजली वाडा होता आणि हाताखाली नोकरांचा ताफा. वरच्या मजल्यावर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत चाले. आई पियानो वाजवी, मुलगा व्हायोलिन आणि पुढे व्हायोला शिकला. पण नोकरांच्या खोल्यांमध्ये एक ग्रामोफोन होता आणि त्यावर वेगळेच संगीत वाजायचे. लहानगा जॉन तिथे जाऊन बसायचा. पुढे आत्मचरित्रात त्याने आपल्या आवडीचा उगम तिथेच सांगितला आहे.

एक गंमत इथे नोंदवून ठेवतो. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा हा पोरगा अडीच वर्षांचा होता. बाबासाहेबांचे कोलंबिया विद्यापीठ हार्लेमला लागूनच आहे, आणि याच हार्लेममध्ये हा मुलगा किशोरवयात व्हायोलिनच्या शिकवणीचे निमित्त करून गाणे ऐकायला जाऊ लागला. पुढे त्याची कर्मभूमी झालेली कोलंबिया ही रेकॉर्ड कंपनी मात्र वेगळी, तिचा विद्यापीठाशी संबंध नाही. नावावरून आमच्या एका अभ्यासवर्गात गोंधळ झाला होता म्हणून सांगितले.

येल विद्यापीठातले शिक्षण त्याने अर्ध्यावर सोडले. घरच्या ट्रस्टमधून ठरावीक उत्पन्न येत होते. त्यामुळे पोटाची चिंता नव्हती आणि हा मुद्दा विसरता कामा नये. १९३१ मध्ये गारलँड विल्सन या कृष्णवर्णीय पियानोवादकाचे पहिले मुद्रण त्याने स्वतःच्या खिशातून केले. इंग्लंडच्या ‘मेलडी मेकर’ या संगीत पत्रिकेसाठी तो अमेरिकेहून लिहू लागला. याच सुमारास अलाबामात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवून त्यांना फाशीच्या दारात उभे केले गेले होते. स्कॉट्सबरो खटला म्हणून तो जगभर गाजला. १९३३ च्या फेरसुनावणीला हॅमंड ‘द नेशन’ साप्ताहिकासाठी वार्ताहर म्हणून हजर होता. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. पुढे एन.ए.ए.सी.पी. या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या संचालक मंडळावर त्याने बरीच वर्षे काम केले. हीच संघटना स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेण्याचा विचार त्यांच्या मनात होता.

१९३३ हेच वर्ष हॅमंडच्या आयुष्यातले कळीचे. मंदीने अमेरिकेतला रेकॉर्डचा धंदा झोपला होता. इंग्लंडच्या कोलंबिया कंपनीला अमेरिकन जॅझच्या रेकॉर्ड हव्या होत्या आणि ते काम हॅमंडने मिळवले. हार्लेममधल्या एका छोट्या क्लबमध्ये त्याने बिली हॉलिडे नावाची मुलगी ऐकली. अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती तिला. आवाज मोठा नव्हता, पण शब्द ती ठेक्याच्या किंचित मागे ठेवून असे काही म्हणायची, की साधे बाजारू गाणेही तिचे स्वतःचे होऊन जाई. नोव्हेंबर १९३३ मध्ये हॅमंडने एकाच आठवड्यात दोन मुद्रणे केली. २४ तारखेला बेसी स्मिथ आणि २७ तारखेला बिली हॉलिडे. बेसीचे ते शेवटचे मुद्रण ठरले, बिलीचे ते पहिले.

बेसी स्मिथ ही विसाच्या दशकातली ब्लूज गाण्याची सम्राज्ञी. ब्लूज म्हणजे गुलामीतून सुटूनही न सुटलेल्या माणसांचे गाणे. दारिद्र्य, तुरुंग, पूर, दारू, पळून गेलेला नवरा, सगळे त्यात येते. तिच्या रेकॉर्डनी कोलंबिया कंपनीला मंदीपूर्वी भरपूर पैसा मिळवून दिला होता, पण तिला रॉयल्टी कधीच मिळाली नाही. १९३३ च्या त्या दिवशी तिने चार गाणी गायली आणि प्रत्येक गाण्याचे तिला साडेसदतीस डॉलर मिळाले. एकरकमी. मुद्रण करवून घेणारा, तिला मनापासून देवता मानणारा माणूस हॅमंडच होता. आमच्या वस्तीतल्या गायकांना हा आकडा सांगितला तेव्हा ते नुसते हसले.

बिलीचेही तेच. १९३५ पासून पियानोवादक टेडी विल्सनच्या वाद्यवृंदासोबत हॅमंडने तिची जी मुद्रणे जुळवून आणली, ती आज जॅझचा अमोल ठेवा मानली जातात. उपाहारगृहांतल्या नाणे टाकून वाजणाऱ्या यंत्रांसाठी, कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी म्हणून ती स्वस्तात केलेली होती. वादकांना आणि गायिकेला दिवसाचे पैसे दिले की हिशेब संपला. हॅमंडने दार उघडले हे खरे. दाराच्या आतले नियम मात्र तेच राहिले.

पण दार उघडणे हीसुद्धा तेव्हा किती मोठी गोष्ट होती, हे बेनी गुडमनच्या प्रकरणावरून कळते. गुडमन हा शिकागोच्या गरीब ज्यू स्थलांतरितांचा मुलगा, क्लॅरिनेट वाजवणारा. त्या काळी गोरे आणि कृष्णवर्णीय वादक स्टुडिओच्या बंद दाराआड क्वचित एकत्र वाजवत, लोकांसमोर मंचावर नाही. कृष्णवर्णीयांसोबत वाजवले तर आपली कामे बंद होतील अशी सुरुवातीला गुडमनला धास्ती होती. ती खोटीही नव्हती. हॅमंडने पिच्छा सोडला नाही. १९३५ मध्ये गुडमन, टेडी विल्सन आणि ढोलवादक जीन क्रुपा यांचे त्रिकूट मुद्रित झाले आणि १९३६ मध्ये शिकागोच्या एका हॉटेलात हे त्रिकूट उघडपणे मंचावर बसले. पुढे लायनेल हॅम्प्टन आला. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सनला मुख्य लीगमध्ये प्रवेश मिळाला १९४७ साली, म्हणजे त्यानंतर अकरा वर्षांनी. गुडमनने १९४२ मध्ये हॅमंडच्या बहिणीशी, ॲलिसशी लग्न केले. व्हँडरबिल्ट घराण्यात ज्यू जावई, हीदेखील त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

१९३६ च्या एका थंड रात्री शिकागोत हॅमंड आपल्या मोटारीतल्या रेडिओवर स्टेशने चाचपत होता. पट्टीच्या अगदी टोकाला कॅन्सस सिटीचे एक छोटे प्रायोगिक केंद्र लागले. रीनो क्लबमधून काउंट बेसीचा वाद्यवृंद वाजत होता. हॅमंड वेडा झाला. त्याने मासिकांतून बेसीचा एवढा गाजावाजा केला की दुसऱ्याच कंपनीचा माणूस आधी कॅन्सस सिटीला पोहोचला. बेसीला वाटले, हा हॅमंडनेच पाठवलेला. त्याने सही केली. चोवीस गाणी, एकूण साडेसातशे डॉलर आणि रॉयल्टी शून्य. हॅमंडने नंतर वादकांच्या संघटनेमार्फत धडपड करून मोबदला थोडा वाढवून घेतला, पण रॉयल्टी गेली ती गेलीच. डोके चालवणारा कलावंत, वाजवणारे अव्वल आणि कागद मात्र वाचलेला नाही. आपल्याकडच्या किती शाहिरांची ही कथा आहे, ते मोजायला बसलो तर लेख इथेच संपेल.

हॅमंडचे सर्वांत मोठे काम आम्ही एका संध्याकाळीला मानतो. २३ डिसेंबर १९३८, कार्नेगी हॉल. न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू शास्त्रीय संगीताचे हे मंदिर. कृष्णवर्णीय संगीताचा सगळा प्रवास, चर्चमधल्या भक्तिगीतांपासून ते त्या काळच्या स्विंग वाद्यवृंदापर्यंत, एकाच मंचावर मांडायचा असे त्याने ठरवले. खर्चाला पुढे यायला कोणी तयार नव्हते. एन.ए.ए.सी.पी.नेसुद्धा अंग काढून घेतले. शेवटी ‘न्यू मासेस’ या साम्यवादी वर्तुळातल्या नियतकालिकाने जबाबदारी घेतली. हॅमंड स्वतः दक्षिणेत हिंडून कलावंत गोळा करत होता. उत्तर कॅरोलिनातून मिचेल्स ख्रिश्चन सिंगर्स हे साध्या कष्टकऱ्यांचे गायकमंडळ आले. अंध हार्मोनिकावादक सॉनी टेरी आला. सिस्टर रोझेटा थार्प गिटार घेऊन देवाची गाणी अशा ठेक्यात गायली, की पुढच्या रॉक संगीताची बीजे त्यात शोधली जातात. पियानोवर अल्बर्ट ॲमन्स, मीड लक्स लुईस आणि पीट जॉन्सन. शेवटी काउंट बेसीचा वाद्यवृंद.

एक माणूस मात्र आला नाही. मिसिसिपीचा रॉबर्ट जॉन्सन. हॅमंडने त्याच्या रेकॉर्ड ऐकल्या होत्या आणि काहीही करून त्याला आणायचे ठरवले होते. शोध घेता कळले, की ऑगस्टमध्येच तो वारला. वय वर्षे सत्तावीस. त्याच्या जागी बिग बिल ब्रून्झी गायला, पण हॅमंडने मंचावरून जॉन्सनच्या दोन रेकॉर्ड वाजवल्या. कार्नेगी हॉलभर माणसे बसली आहेत, मंचावर गायक नाही आणि मेलेल्या शेतमजुराच्या पोराचा आवाज यंत्रातून येतो आहे. १९६१ मध्ये कोलंबियाने जॉन्सनच्या जुन्या रेकॉर्डचा संग्रह काढला तो हॅमंडच्याच आग्रहाने. इंग्लंडमधल्या एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्ससारख्या पोरांनी तो ऐकला आणि पुढचे रॉक संगीत त्यातून उगवले.

ती सभा हॅमंडने बेसी स्मिथच्या स्मृतीला वाहिली होती. इथेच त्याची एक मोठी चूक सांगायला हवी. २६ सप्टेंबर १९३७ रोजी मिसिसिपीत मोटार अपघातात बेसी गेली. काही आठवड्यांनी हॅमंडने ‘डाउन बीट’ मासिकात लिहिले, की गोऱ्यांच्या इस्पितळाने तिला दारातून परत पाठवले म्हणून ती रक्तस्रावाने मेली असे ऐकिवात आहे. खातरजमा केली नव्हती. प्रत्यक्षात तिला क्लार्क्सडेलच्या कृष्णवर्णीयांच्या इस्पितळात नेले होते आणि तिथेच ती वारली. त्या काळच्या मिसिसिपीत गोऱ्यांच्या इस्पितळात तिला नेण्याचा विचारही कुणी केला नसता. म्हणजे खरी परिस्थितीच पुरेशी भयंकर होती, तिला कथेची गरज नव्हती. पण कथा पसरली. एडवर्ड ॲल्बी या नाटककाराने त्यावर नाटक लिहिले. सत्तरच्या दशकात चरित्रकार ख्रिस अल्बर्टसनने कागदपत्रे आणि साक्षी तपासून ती खोडून काढली, तरी आजही ती सांगितली जाते. अत्याचाराच्या बातम्या पुढे ढकलणाऱ्या आमच्यासारख्या कार्यकर्त्यांना हे प्रकरण अस्वस्थ करते. तपासल्याशिवाय लिहिलेली एक ओळ विरोधकाच्या हाती कोलीत देते, हे आम्ही स्वतः एका प्रकरणात हात पोळून शिकलो आहोत.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. १९३५ मध्ये हॅमंडने ड्यूक एलिंग्टनवर झोड उठवली. एलिंग्टन हा कृष्णवर्णीय संगीतकारांतला बहुधा सर्वांत मोठा रचनाकार. आईच्या निधनाच्या दुःखात त्याने एक दीर्घ रचना केली होती. हॅमंडला ती कृत्रिम वाटली. आपल्या लोकांच्या यातनांपासून एलिंग्टन दूर पळतो आहे, गोऱ्यांच्या शास्त्रीय संगीताची नक्कल करतो आहे, असा त्याचा आरोप. काही वर्षांनी एलिंग्टननेही छापील उत्तर दिले आणि हॅमंडच्या हेतूंवर, त्याच्या राजकीय सोयरिकीवर बोट ठेवले. हॅमंड एकीकडे समीक्षक म्हणून लिहायचा, दुसरीकडे ज्यांच्याविषयी लिहायचा त्यांच्याच रेकॉर्ड काढायचा, कधी तर ‘हेन्री जॉन्सन’ या टोपणनावानेही लिहायचा.

व्हँडरबिल्टच्या वाड्यात वाढलेला गोरा तरुण एका कृष्णवर्णीय संगीतकाराला सांगतो, की तुझे संगीत पुरेसे कृष्णवर्णीय नाही. दुःखच गा, रांगडेच गा, आईच्या मृत्यूवर बारा-तेरा मिनिटांची गुंतागुंतीची रचना करू नकोस. आमच्या मते हॅमंडच्या आयुष्यातली ही सर्वांत शिकण्यासारखी बाजू आहे. दलित साहित्याकडूनही फक्त वेदनेची अपेक्षा करणारे, प्रेमकविता आली की नाराज होणारे सहानुभूतीदार आपण पाहिलेले आहेत. हॅमंड वाईट माणूस नव्हता. त्याचे प्रेम खरे होते आणि प्रेमाबरोबर मालकीची भावनाही खरी होती. चाळीसच्या दशकात तरुण कृष्णवर्णीय वादकांनी बीबॉप नावाचे अवघड, वेगवान, नाचायला नकार देणारे संगीत घडवले, तेव्हाही तो त्यात रमला नाही. ज्याला आपण शोधून काढले तो आपल्या कल्पनेबाहेर जातो, हे बहुतेक आश्रयदात्यांना पचत नाही.

युद्धानंतरची काही वर्षे तशी फिकी गेली. एका कंपनीतून दुसरीत. मग पन्नासच्या दशकाअखेरीस तो कोलंबियात परतला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याची दुसरी खेळी सुरू झाली. १९६० मध्ये त्याने डेट्रॉइटच्या एका पाद्र्याची अठरा वर्षांची मुलगी करारबद्ध केली, ॲरेथा फ्रँकलिन. कंपनीने पुढे तिच्याकडून गुळगुळीत नाट्यगीते गाऊन घेतली आणि तिचा खरा आवाज बाहेर आला तो १९६७ मध्ये, दुसऱ्या कंपनीत गेल्यावर. साम्यवादी ठरवून टीव्हीवरून बाहेर ठेवलेल्या पीट सीगरला हॅमंडने कोलंबियात आणले. १९६१ मध्ये वीस वर्षांच्या बॉब डिलनशी करार केला. पहिली रेकॉर्ड इतकी कमी खपली की कंपनीतले लोक त्या पोराला हॅमंडचा मूर्खपणा म्हणून हिणवत. हॅमंड हटला नाही. मजा म्हणजे डिलनच्या दुसऱ्या रेकॉर्डचे काम चालू असताना व्यवस्थापकाशी बिनसले आणि हॅमंडच्या जागी आला टॉम विल्सन, हार्वर्डमध्ये शिकलेला कृष्णवर्णीय प्रोड्यूसर. डिलनच्या विजेच्या गिटारच्या काळातली काही गाजलेली मुद्रणे या विल्सनची. त्याच्याविषयी मात्र कितीजण लिहितात?

लेनर्ड कोहेन आला, १९७२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन नावाचा मुलगा हॅमंडच्या कार्यालयात गिटार घेऊन बसला. बाकी नावे विस्तारभयास्तव सोडतो. सत्तरी उलटल्यावरही टेक्ससच्या स्टीव्ही रे व्हॉनच्या पहिल्या रेकॉर्डमागे तोच उभा होता. ती १९८३ मध्ये आली. १० जुलै १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये हॅमंडचे निधन झाले.

बेसी स्मिथची गोष्ट अर्धी राहिली. फिलाडेल्फियाजवळच्या दफनभूमीत तिला पुरले तेव्हा रस्त्यावर हजारोंची गर्दी होती, पण कबरीवर दगड बसला नाही. कार्नेगी हॉलची सभा तिला वाहिली गेली, तिच्यावर नाटक आले, लेख आले. कबर तेहतीस वर्षे बिननावाची राहिली. १९७० मध्ये कोलंबियाने तिची सगळी मुद्रणे नव्याने काढायला सुरुवात केली, त्या कामात हॅमंड होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिच्या कबरीवर दगड उभा राहिला. खर्च दोघींनी वाटून घेतला होता. एक होती गोरी रॉक गायिका जॅनिस जॉपलिन. दुसरी ह्वानिटा ग्रीन, फिलाडेल्फियातली एन.ए.ए.सी.पी.ची कार्यकर्ती, जी लहानपणी शनिवारी बेसीच्या घरी जाऊन स्वयंपाकघराची फरशी घासून द्यायची.